शिडीवर मी कुठे आहे?

चेन्नई महापालिकेच्या 13 शाळांमध्ये 2003 साली कृतीआधारित शिक्षण सुरू झालं, तेव्हा एम. पी. विजयकुमार तिथे आयुक्त होते. मूळ प्रेरणा आंध्रातल्या ऋषी व्हॅली शाळेची. प्रत्येक विषयाचे छोटे छोटे टप्पे, त्यांची भिंतीवर लावलेली शिडी आणि चिन्हं छापलेली कार्डं. मूल शिडीवर आपली जागा शोधतं, पुढचं कार्ड स्वतः काढतं आणि त्यावरच्या चिन्हानुसार गटात बसतं. काही गटांना बाईंची मदत लागते, काहींना सोबत्यांची, तर कुठे एकट्यानेच करायचं असतं. टप्प्याच्या शेवटी मूल्यमापनाचं कार्ड. जमलं नाही तर उजळणी करायची आणि मग पुढे जायचं. आजारपणात आठवडा बुडालेलं मूल परतलं की जिथे थांबलं होतं तिथूनच सुरुवात करतं. मला या पद्धतीतली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. हजेरीही मुलंच मांडतात. लिहायचे फळेही जमिनीलगत, प्रत्येकाच्या हाताला येतील असे.

2007 पासून ही पद्धत तमिळनाडूभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत पोहोचली. मात्र कार्ड उरकणं म्हणजे शिकणं नव्हे. ‘तुला हे कसं सुचलं?’ हा प्रश्न बाईंनाच विचारावा लागतो.