अर्धा रानातला रातांबा

मे महिन्यात रत्नागिरी तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत शिरा, दोन-चार अंगणांत तरी रातांबे फोडण्याचे काम चाललेले दिसेल. बायकांचे हात कोपरापर्यंत लाल. साली एका बाजूला, गरासकट बिया दुसऱ्या बाजूला. साली फळाच्याच रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या. अशी काही पुटे चढली की त्यांची आमसुले होतात. साखरेत मुरवले तर सरबत, मिठात मुरवले तर आगळ. बाजारात जो भाव होतो तो सालीचा. बियांची रास मात्र कोपऱ्यात वाळत पडलेली असते. व्यापारी आला तर जाते, नाही आला तर राहते.

या निबंधाचा विषय ती कोपऱ्यातली रास आहे.

रातांब्याची बी ही तेलबी आहे, हे कोकणातल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. बी फोडून आतला मगज कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर आलेला तवंग काढून थंड करायचा आणि मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे. हे भिरंडेल. टाचांच्या भेगांवर ते लावतात हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना ठाऊक असेल. पण तूप परवडत नसे अशा घरांतून ते खाण्यातही होते. मगजाच्या वजनाच्या सुमारे 40 टक्के चरबी निघते. ती खोलीच्या उष्णतेला घट्ट राहते आणि अंगाच्या उष्णतेच्या आसपास वितळते. नेमका हाच गुण कोकोच्या लोण्यात असतो आणि त्या गुणासाठी जग पैसे मोजते. युरोपीय संघाने 2000 साली चॉकलेटबाबत जो कायदा केला, त्यात कोकोच्या लोण्याबरोबर 5 टक्क्यांपर्यंत आणखी सहा वनस्पतिजन्य चरब्या चालतील असे ठरवले. पामतेल, साल, शिया, इलिपे, आंब्याच्या कोयीची चरबी, आणि सहावी आपल्या कोकमाची. ब्रसेल्सच्या कायद्यात रातांब्याचे नाव आहे. आपल्याकडे मात्र पुष्कळ रातांबे अजून पक्ष्यांनी आणि वानरांनी टाकलेल्या बियांतून बांधाच्या कडेला आपोआप उगवलेले असतात.

म्हणजे हे झाड अजून पुरते माणसाळलेले नाही. माणसाळणे हा शब्द आपण जनावरांना लावतो, पण झाडांनाही तो लागू आहे. रानातली वनस्पती स्वतःचा वंश चालावा म्हणून जगते. तिची बोंडे फुटून बी दूर उडावी, सगळ्या बिया एकदम रुजू नयेत, यात तिचा फायदा असतो. शेतकऱ्याला याच्या उलट हवे असते. हजारो वर्षे आपल्याला सोयीची रोपे निवडत गेल्याने त्याने वनस्पतीच्या रक्तातच, आजच्या भाषेत तिच्या जनुकांत, बदल घडवून आणला. तीळ घ्या. पावसाळा सरता सरता कोकणात रस्त्याच्या कडेला रानतिळाची फुले दिसतात. आपला तीळ त्याच्याच जवळच्या कुळातला, आणि तो भारतीय उपखंडातच माणसाळला असे अभ्यासक मानतात. तरी पिकल्यावर बोंड फुटण्याची सवय त्याने पुरती सोडलेली नाही. न फुटणाऱ्या बोंडाचे रोप 1943 साली व्हेनेझुएलात सापडले, तेव्हा कुठे यंत्राने तिळाची कापणी करण्याचा विचार सुरू झाला.

रातांब्याची अडचण बोंडाची नाही, संसाराची आहे. यात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. बी लावली तर रोप नर निघेल की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही, आणि फूल यायला सात-आठ वर्षे लागतात. साधारण निम्मी झाडे नर निघतात. मी नोकरीत असताना कर्जप्रकरणाच्या कागदात ‘उत्पन्न सुरू होण्याचे वर्ष’ असा एक रकाना असे. आंबा-काजूला तो सहज भरता येई. रोपांपासून केलेल्या रातांब्याला तिथे ‘मादी निघाल्यास’ असे लिहावे लागले असते, आणि तशा कागदावर कोणता शाखाधिकारी सही करील? रातांब्याची बाग हा प्रकार कोकणात इतका उशिरा का दिसू लागला, याचे निम्मे उत्तर या रकान्यात आहे.

उत्तराचा उरलेला भाग दापोलीच्या कृषी विद्यापीठाने शोधला, कलमाच्या वाटेने. चांगली मादी झाडे हेरायची आणि त्यांच्या काड्या रोपांवर बांधायच्या. म्हणजे झाड मादी हे पहिल्या दिवसापासून नक्की, आणि फळही लवकर. ‘कोकण अमृता’ ही जात 1997 साली आली. जाड सालीची, आणि मुख्य म्हणजे पावसाआधी हाती येणारी. कारण रातांबा ऐन पिकायला आणि मृग बरसायला गाठ पडली की अर्धे पीक झाडाखाली कुजते. पुढे 2006 साली ‘कोकण हातीस’ आली, मोठ्या फळाची. हातीस हे रत्नागिरीजवळचे, बाबरशेख पीराच्या उरुसाचे गाव. त्या गावचे नाव आता रोपवाटिकांच्या पाटीवर असते.

कलमातही एक मेख आहे आणि ती मला फार मनोरंजक वाटते. रातांब्याच्या आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम जगते, पण आयुष्यभर आडवेच वाढते, वेलासारखे पसरत राहते. झाड सरळ हवे तर शेंड्याकडच्या उभ्या फुटीचीच काडी हवी, आणि अशा काड्या एका झाडावर मोजक्याच मिळतात. म्हणून चांगली कलमे हवी तितकी एकदम तयार होत नाहीत. रोपवाटिकेत स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले कलम चार वर्षांनी जमिनीवर लोळताना दिसले तर ही आठवण व्हावी.

पण कलम म्हणजे आहे त्या झाडाची नक्कल. माणसाळवण्याच्या कामातली ही पहिली पायरी आहे, आणि आपण तिच्यावरच थांबलो आहोत. शिवाय जी निवड झाली ती सालीसाठी. ते स्वाभाविकच होते, भावच सालीला होता. बियांतल्या चरबीसाठी रातांबा कोणी निवडत बसले नाही.

चरबीसाठी निवडले तर काय होऊ शकते याचे उदाहरण तेल-माडाचे. त्याच्या फळात काही झाडांना जाड कवची असते, काहींना मुळीच नसते. आणि कवची नसलेली झाडे बहुधा वांझ. बेल्जियन काँगोतल्या दोन संशोधकांनी 1941 साली दाखवून दिले की या दोहोंच्या संकरातून पातळ कवचीचे झाड होते, आणि हा सारा खेळ एकाच जनुकाचा आहे. पातळ कवचीच्या झाडाला जाड कवचीच्या झाडापेक्षा सुमारे 30 टक्के जास्त तेल मिळते. ते जनुक 2013 साली हाती लागले. आता रोप बोटभर असतानाच त्याचे पान तपासून कवची सांगता येते. लक्षात घ्यायची गोष्ट ही की, ज्या झाडांना फळच धरत नव्हते त्यांच्याशिवाय हा संकर झाला नसता.

द्राक्षाची गोष्ट आणखी जवळची. रानद्राक्षाची वेलही रातांब्यासारखीच, नर वेगळी, मादी वेगळी. आपण खातो त्या द्राक्षांच्या वेली उभयलिंगी आहेत, एकाच फुलात दोन्ही. कधीतरी, हजारो वर्षांपूर्वी, रानात अशी एखादी वेल निपजली आणि कोणीतरी तिची फांदी घरी नेऊन लावली. द्राक्षबागांचा पसारा त्या निवडीवर उभा आहे. आणि आपल्या कोकमाचा दूरचा भाऊ, पूर्वेकडचा मँगोस्टीन, त्याने तर नराची गरजच संपवली. त्याची बी परागाशिवाय तयार होते आणि रोप आईसारखेच निघते.

रातांब्यातही नर आणि मादी यांच्यामधली झाडे आहेत. मुलुंडच्या वझे महाविद्यालयातल्या संशोधकांनी फुलांचा अभ्यास करून दाखवले आहे की काही झाडांवर उभयलिंगी फुले येतात. द्राक्षाला जी वाट सापडली तिचे तोंड कदाचित याच झाडांत असेल. आणि गावात पहिली कुऱ्हाड नेमकी यांच्यावर पडते. नर झाडाला फळ नाही, म्हणून ते ‘वांझ’. मधल्या झाडाला चार फळे, तीही लहान. चिऱ्याची खाण निघाली, रस्ता रुंद झाला, किंवा चार भावांच्या सामाईक जमिनीची एकदाची वाटणी झाली की बांधावरची ही झाडे जातात. मुंबईतल्या भावाला ती नर की मादी हे ठाऊकही नसते. ‘सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम’ला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, सत्कार झाले. मानांकन नावाचे रक्षण करते, झाडाचे नाही.

भात किंवा ज्वारीचे वाण नष्ट होऊ लागले तर बी सुकवून, गोठवून वर्षानुवर्षे ठेवता येते. रातांब्याची बी तशी ठेवता येत नाही. सुकली की तिची रुजण्याची ताकद जाते. फोडणीच्या दिवसांत कोपऱ्यात वाळत पडलेली ती रास तेलाला चालेल, पेरायला नाही. या झाडाची पेढी म्हणजे उभी झाडेच, दापोली-वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रांतली थोडी आणि बाकीची आपल्या बांधांवरची, देवरायांतली.

बागेतल्या मादी कलमांना परागासाठी काही नर लागतातच, हा रोखीचा हिशेबही नर तोडणाऱ्याने करावा. आणि कुऱ्हाड लावण्यापूर्वी एक हिवाळा थांबावे. डिसेंबर-जानेवारीत फूल हातात घेऊन पाहावे. झुबक्याने आलेली, आत नुसत्या केसरांचा गोळा असलेली फुले नराची. एकेकटे, मध्ये लहानसा हिरवा गोळा असलेले फूल मादीचे. त्या हिरव्या गोळ्याभोवती पराग धरलेले केसरही दिसले, तर फांदीला सुतळी बांधून खूण करावी आणि दापोलीला एक पत्र टाकावे.