मुकुंदराजांच्या ओव्या सगळ्यांच्या, मग फाइलला कुलूप कुणाचं?

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' परंपरेनं शके १११० चा, म्हणजे इ.स. ११८८ चा मानला जातो. सालावरून अभ्यासकांत वाद आहेत, पण ग्रंथ शेकडो वर्षं जुना आहे, एवढं आपल्याला पुरे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या पुस्तकावरचा कॉपीराइट संपतो. नव्या आवृत्तीतल्या संपादकाच्या प्रस्तावनेचा आणि टीपांचा हक्क वेगळा. मूळ ओव्या मात्र कुणीही छापाव्यात, कुणीही वाटाव्यात.

आता समजा, याच ओव्या १९९८ साली एखाद्या डीटीपीवाल्यानं टाइप करून ठेवल्या. ती फाइल आज तुमच्याकडे आली. उघडली तर काय दिसेल? इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिडा. म्हणजे कायद्यानं खुला असलेला मजकूर, पण वाचता येत नाही.

असं का झालं, यावर संगणकवाल्या मंडळींत दोन तट पडतात. एक गट म्हणतो, तेव्हाचं तंत्रज्ञानच तसं होतं, दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. तंत्रज्ञान वाट ठरवतं आणि समाज मागून चालतो, या विचाराला तंत्रनियतिवाद म्हणतात. दुसरा गट म्हणतो, कसली नियती? सॉफ्टवेअर माणसंच लिहितात आणि विकतात. ज्यांना गिऱ्हाईक धरून ठेवायचं होतं त्यांनी ते धरून ठेवलं.

निकाल लावण्याआधी गिचमिडा कसा होतो ते पाहू.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. जुन्या फॉन्टमध्ये अशा आकड्यांचे जास्तीत जास्त २५६ कप्पे असत आणि ते इंग्रजीच्या हिशेबानं लावलेले. देवनागरी फॉन्ट करणाऱ्यांनी त्याच कप्प्यांत काना, मात्रा, अर्धी अक्षरं भरली. उदाहरणार्थ, 'कृतिदेव' फॉन्टमध्ये तुम्हाला 'मराठी' दिसतं, पण फाइलमध्ये प्रत्यक्षात छोटा ई, जे, के, मोठा बी आणि छोटा एच एवढंच साठवलेलं असतं. फॉन्ट म्हणजे इंग्रजीवर चढवलेला मुखवटा. मुखवटा काढला की मराठी गायब.

त्यात भर म्हणजे प्रत्येकाचा मुखवटा निराळा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्री-लिपी'चे कप्पे वेगळे, 'आकृती'चे वेगळे. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात नेला की त्याचा पार चिवडा. एका पॅकेजमध्ये वर्षभराचं काम साठलं की ते सोडणं अवघड, हे छापखानेवाल्यांना कुणी सांगायला नको.

मग पर्याय नव्हता का? कागदावर होता. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय मानक १९९१ साली आलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःचे आकडे मिळाले. म्हणजे 'म' हा जगात कुठेही 'म'च. पण विंडोजमध्ये युनिकोड मराठी नीट दिसायला विंडोज २००० उजाडावं लागलं. त्यातला 'मंगल' फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी कवी-अक्षररचनाकारानं घडवलेला. तरीही वर्तमानपत्रांची पानं लागत होती पेजमेकरमध्ये, आणि पेजमेकरला युनिकोड देवनागरी कधीच जमलं नाही.

त्यामुळे माझ्या मते १९९८ च्या डीटीपीवाल्याला दोष देता येत नाही. त्याच्यासमोर खरोखर दुसरी वाट नव्हती. पण पुढे युनिकोड चालणारी सॉफ्टवेअर हाताशी आल्यावरही जुनंच रेटत राहणं, याला नियती म्हणणं म्हणजे आळसाला सोवळं नेसवणं.

शिवाय तंत्रज्ञान माणसांच्या मागणीनं वळतं, याचा पुरावा तुमच्या कीबोर्डवरच आहे. 'ॲप'मधल्या 'ॲ'ला युनिकोडमध्ये २००८ पर्यंत स्वतंत्र आकडा नव्हता. लोक 'अ'वर चंद्र बसवून भागवत. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकासाठी वेगळे, म्हणून आजही साधा शोध कधीकधी चुकतो. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' कसे असावेत, हे राज्य सरकारनं ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात लिहून दिलं.

आता मालकीचा प्रश्न. देवनागरी फॉन्ट करायचा म्हणजे शेकडो आकार घडवायचे. त्या मेहनतीचे पैसे मागण्यात गैर काहीच नाही. संगणकाचा प्रोग्राम भारतात कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीत मोडतो. त्यामुळे विकत घ्यायचं सॉफ्टवेअर फुकटात वाटणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि आपल्याकडे ते सर्रास चालतं हेही खरंच. ज्यांना फुकट हवं त्यांच्यासाठी 'मुक्त' आणि 'बलू'सारखे खुल्या परवान्याचे सुंदर फॉन्ट आहेत.

पण अक्षराच्या आकारावरचा हक्क म्हणजे त्या अक्षरांनी लिहिलेल्या मजकुरावरचा हक्क नव्हे. पेनाच्या कंपनीचा तुमच्या पत्रावर हक्क नसतो, तसंच हे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये तर सरळ सवलत आहे: सॉफ्टवेअर तुमच्याकडे कायदेशीर असेल, आणि तुमचा स्वतंत्र प्रोग्राम त्याच्याशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती दुसरीकडे सहज मिळत नसेल, तर ती काढून घेण्यासाठी आवश्यक ते करता येतं. जुन्या मजकुराला युनिकोडमध्ये नेणारा कन्व्हर्टर बनवणाऱ्याला ही सवलत मोठा आधार आहे.

घाई यासाठी की मराठवाड्यातल्या जिल्हा दैनिकांची, स्मरणिकांची, गावोगावच्या देवस्थानांच्या पुस्तिकांची कित्येक वर्षं अशाच फाइलींत आणि सीडींवर पडून आहेत. गुगलच्या शोधात त्या येत नाहीत. मजकूर वाचून शिकणाऱ्या एआयच्या दृष्टीनं त्या मराठी नाहीतच. दुष्काळाच्या, ऊसतोड कामगारांच्या बातम्या तालुक्याच्या पेपरात ज्या तपशिलानं येत, तो तपशील दुसरीकडे कुठे मिळणार?

तुमच्याकडे अशी फाइल आहे का, हे ओळखणं सोपं आहे. मराठी पीडीएफमधली एखादी ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करा. गिचमिडा आला तर बहुधा जुना फॉन्ट. त्याचं नेमकं नाव लिहून ठेवा, कारण कन्व्हर्टर त्याच नावाचा लागतो. मूळ फाइल पुसू नका. रूपांतर झाल्यावर 'दर्या' आणि 'दऱ्या' असे शब्द आधी तपासा: समुद्राच्या जागी डोंगरातली दरी आली असेल, तर कन्व्हर्टर बदला.