दुखत नाही, म्हणजे बिघडलं नाही?



मागच्या वेळी आपण प्रमाणांविषयी बोलत होतो. व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी चिठ्ठी दिली. लिहिलं होतं, "कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर स्तनात इम्प्लांट बसवलं, त्याला नऊ वर्षं झाली. काहीच त्रास नाही. कुणी म्हणतं जन्मभर टिकतं, कुणी म्हणतं दहाव्या वर्षी बदलावंच लागतं. खरं काय?"

आता मी तत्त्वज्ञानाचा डॉक्टर, औषधाचा नव्हे. तुमच्या देहाचा निर्णय तुमच्या सर्जनबरोबरच घ्यायचा. पण प्रश्न आपल्याच विषयातला आहे, म्हणून आज त्यावरच बोलतो.

ऐकलेली दोन्ही उत्तरं चूक आहेत. सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत, ह्यूस्टनला बसवलं गेलं. आज तिथलं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, स्पष्ट सांगतं की ही आजन्म टिकणारी वस्तू नव्हे. वर्षं वाढतात तशी गुंतागुंतीची शक्यता वाढते. स्तनाचा आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट बसवणाऱ्यांत साधारण पाचातल्या एकीला ८ ते १० वर्षांत ते काढावं लागतं. कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेत हे प्रमाण अधिक असतं. पण याचा अर्थ दहावं वर्ष लागलं की बदलायलाच हवं, असाही नाही. औषधाच्या बाटलीवर असते तशी तारीख यावर नसते. मग कळायचं कसं?

सलाईनचं इम्प्लांट फुटलं तर खारं पाणी शरीरात शोषलं जातं, स्तन बसतो, आणि बाईला ते दिसतं. सिलिकॉनची जेल मात्र घट्ट असते. वरचं आवरण फाटलं तरी ती बहुधा जागच्या जागी राहते. दुखत नाही, आकार बदलत नाही. डॉक्टर याला 'मूक फाट' म्हणतात.

इथे कुमारिल भट्टांचे मीमांसक मदतीला येतात. 'अनुपलब्धी' हे प्रमाण आठवतंय ना? जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. पण अट अशी, की घट असता तर तो दिसलाच असता. खोलीत अंधार असेल, तर न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. "मला काही त्रास नाही" हे विधान खरं आहे. त्यावरून काढलेलं "म्हणजे इम्प्लांट शाबूत आहे" हे अनुमान मात्र अंधारातलं आहे.

म्हणून दिवा लावायचा. जेलचं इम्प्लांट असेल, तर एफडीएची शिफारस अशी: पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय ५ ते ६ वर्षांनी, आणि नंतर दर २ ते ३ वर्षांनी. त्रास नसला तरीही. आमच्या चिठ्ठीवाल्या बाईंचं जेलचं असेल आणि तपासणी झालेली नसेल, तर ती राहून गेली आहे, एवढंच त्यांना सांगेन.

आणखी तीन गोष्टी. बसवताना मिळालेलं कार्ड जपून ठेवा. त्यावर कंपनी, प्रकार आणि क्रमांक असतो. २०१९ साली ॲलर्गन कंपनीने खरबरीत पृष्ठभागाची बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत घेतली, कारण त्यांचा एका दुर्मीळ लिम्फोमाशी संबंध आढळला होता. तेव्हा "माझं कुठलं?" याचं उत्तर त्या कार्डावरच होतं. त्रास नसेल तर ती काढायची शिफारस एफडीएने केली नाही, हेही लक्षात ठेवा. दुसरं, मॅमोग्राफीला गेलात तर इम्प्लांट आहे हे आधी सांगा. वेगळ्या कोनातून जादा फोटो घ्यावे लागतात. तिसरं, बऱ्याच वर्षांनी अचानक सूज आली, गाठ लागली, स्तन कडक झाला किंवा आकार बदलला, तर थांबू नका.

शस्त्रक्रिया एका दिवसात उरकते, देखभाल उरकत नाही. हे बसवण्याआधी सांगायला हवं, आणि बसवलेल्यांना घाबरवून न सोडता सांगायला हवं. घाबरणं हेही अंधारातलंच अनुमान.

पुढच्या वेळी अर्थापत्तीकडे वळू.