तांबड्या पाण्याचं देणं

या, बसा. वीज काही इतक्यात येत नाही. धाकटीनं मघाशी विचारलं ना, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे पावसाळ्यात पाणी एकीकडे तांबडं आणि दुसरीकडे हिरवं का? आता पुढच्या खेपेला त्या दोन पाण्यांमधली रेघ नीट बघा. तिच्यावर फेस साचतो. नारळाची सोडणं, काटक्या, पानं तिथेच घुटमळत राहतात.

त्या तांबड्या पाण्यातली माती तुम्हाला दिसते, पण समुद्राला हवा असतो तो त्यात विरघळलेला, न दिसणारा माल. पावसाचं पाणी मातीतला कर्बवायू घेतं, किंचित आंबट होतं आणि सह्याद्रीचा कातळ हळूहळू झिजवतं. त्यातून सुटते सिलिका, म्हणजे वाळूत आणि काचेत असते तीच. जगभरच्या नद्यांची सरासरी काढली तर लिटरभर पाण्यात ती जेमतेम 10 मिलिग्रॅम भरते. एवढ्याशानं काय होणार, असं वाटेल. पण आपल्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत!

ही सिलिका लागते डायटमला. डायटम म्हणजे एका पेशीची सूक्ष्म वनस्पती, बहुतेक वेळा केसाच्या जाडीहूनही लहान. ती स्वतःभोवती काचेचं घर बांधते. आजीच्या कुंकवाच्या करंड्यासारखे त्याचे दोन भाग, वरचं झाकण खालच्या भागावर घट्ट बसणारं आणि सगळ्या अंगावर नक्षीदार भोकं. एकीच्या दोन होताना प्रत्येक लेक आईचा एकेक भाग घेते आणि उरलेला अर्धा नवा घडवते. पण हा नवा भाग नेहमी आतलाच असतो. त्यामुळे एका शाखेतल्या डायटम पिढीगणिक लहान होत जातात. फारच लहान झाल्या की काचेचं घर टाकून देतात, फुगतात आणि पुन्हा मोठ्या मापानं सुरुवात करतात. मला तर ही गोष्ट कुठल्याही जादूहून मोठी वाटते.

नुसत्या काचेवर मात्र डायटमचं भागत नाही. नत्रासाठी नायट्रेट आणि स्फुरदासाठी फॉस्फेटही लागतं. अल्फ्रेड रेडफिल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1934 साली दाखवलं, की समुद्री जिवांना नत्र आणि स्फुरद ठरावीक प्रमाणात लागतं; ते प्रमाण पुढे 16 ला 1 असं मानलं गेलं. पहिल्या पावसानं रानातलं, शेतातलं नत्र वाहून येतं. स्फुरद जरा हट्टी. तांबड्या मातीतल्या लोहाला ते चिकटून राहतं आणि खाऱ्या पाण्यात आल्यावर त्यातलं काही सुटतं.

“मग भर पावसात सगळं हिरवंगार व्हायला हवं!” बरोबर विचारलंस. पण गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही. खायला पुष्कळ, उजेड नाही. पावसानं उघडीप दिली, गाळ खाली बसला, की मग डायटम वाढतात आणि त्यांच्यामागे तारलीचे थवे येतात. तारलीच्या कल्ल्यांपाशी बारीक दातेरी गाळणी असते. पाणी बाहेर, डायटम पोटात.

याच दिवसांत समुद्राला खालूनही पुरवठा होतो. जून ते सप्टेंबर किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खोल समुद्रातलं थंड, नायट्रेटनं भरलेलं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. नायट्रेटच्या बाबतीत नदीपेक्षा हा पुरवठा मोठा. पण वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा पाच-दहा मीटरांचा हलका थर असतो, तो झाकणासारखा बसतो. वर मेलेल्या डायटम खाली पडून कुजतात, त्यात प्राणवायू संपतो आणि वरची हवा खाली पोचत नाही. मग जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात. तेही संपलं, की तळाशी सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या डॉ. वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली हे जगापुढे मांडलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच किनाऱ्यासमोर हे घडत असतं.

पुढे प्रवाह उलटा फिरतो, पाणी घुसळतं, तळाला पुन्हा श्वास मिळतो. उन्हाळ्यापर्यंत वरच्या पाण्यातलं नायट्रेट जवळजवळ संपतं. तेव्हा ट्रायकोडेस्मियम नावाच्या सूक्ष्म जिवाचे पिवळसर-तपकिरी चट्टे तरंगताना दिसतात. हा पठ्ठ्या थेट हवेतलंच नत्र वापरतो, त्याला कुणाची वाट बघावी लागत नाही.

आणि नदी आलीच नाही तर? इजिप्तनं ते पाहिलंय. नाईलचा पूर दर पावसाळ्याअखेर भूमध्य समुद्रात यायचा आणि मुखापाशी तारलीच्याच जातकुळीतले सार्डिन मासे गोळा व्हायचे. 1962 च्या सुमारास वर्षाला 18 हजार टनांच्या आसपास सार्डिन मिळत होते. अस्वानच्या मोठ्या धरणानं पूर अडवला आणि ते दशक संपेपर्यंत हा आकडा हजार टनांच्याही खाली गेला. तेव्हा नदीचं पाणी समुद्रात जाऊन वाया जातं, असं कुणी म्हणालं, तर त्याला नाईलचे हे आकडे सांगा.