हंस : पक्षी, प्रश्न आणि श्वास

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात पक्ष्यांना तोटा नाही. काळी नदीच्या खोऱ्यातील उंच वृक्षांवर धनेशांचे थवे उतरतात. शेजारच्या दांडेली परिसरातील काही वन तर २०११ साली खास धनेशांसाठी राखून ठेवण्यात आले. परंतु या तालुक्यात हंस पाहू म्हणाल, तर तो मिळावयाचा नाही. त्याला विस्तीर्ण उथळ तळी आणि लगतची मोकळी शेते लागतात. येथे आहेत ती दाट अरण्ये, खोल दऱ्या आणि त्यांतून धावणारे पाणी. असे असूनही येथील कोकणी, मराठी आणि कन्नड घरांना हंस हा शब्द परका नाही. सरस्वतीच्या तसबिरीत तो असतो, भजनात तो जीवाचे नाव होऊन येतो, आणि कोणी निवर्तले म्हणजे ‘हंस उडाला’ म्हणण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. डोळ्यांनी न पाहिलेल्या पक्ष्याला हे स्थान कसे लाभले, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

प्रथम त्या पक्ष्याची ओळख पटवून घेऊ. तसबिरीतला शुभ्र, लांब आणि बाकदार मानेचा हंस हा वस्तुतः थंड प्रदेशांतला जलपक्षी होय. भारतात तो वाट चुकून, तोही वायव्येकडे, क्वचितच आला आहे. राजा रविवर्म्याने १८९९ च्या सुमारास रंगविलेल्या दमयंतीसमोर असाच शुभ्र हंस उभा आहे. छापील चित्रांनी तो घरोघर नेला. (गंमत अशी की, त्याच चित्रकाराच्या प्रसिद्ध सरस्वतीजवळ हंस नाही, मोर आहे.) जुन्या शिल्पांत मात्र निराळेच दृश्य दिसते. होयसळांच्या मंदिरांवर हंसांची जी रांग कोरलेली असते, तिच्यातले पक्षी आखूड मानेचे आणि भरदार अंगाचे आहेत. फोगल या डच पंडिताने या विषयावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला (तो १९६२ साली प्रसिद्ध झाला) आणि प्राचीनांचा हंस म्हणजे कादंबाच्या जातीचा पक्षी होय, असे प्रतिपादन केले. मला ते पटते. कारण डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तिबेटातील सरोवरांच्या काठी वीण करतो, हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत फिरतो. या प्रवासात तो सात हजार मीटरांहूनही अधिक उंचीवरून उडाल्याची नोंद झाली आहे. मानससरोवराकडे जाणारे राजहंस कालिदासाने मेघदूतात घातले, ते निव्वळ कल्पनेने नव्हे. आषाढातल्या मेघाबरोबर त्यांना धाडताना त्याने ऋतूत दोनतीन महिन्यांची ओढाताण केली आहे खरी. पण तेवढी मुभा कवीला असावी.

हे पट्टकादंब पाहावयास जोयड्याहून फार दूर जावे लागत नाही. पूर्वेच्या सपाटीवर, गदग जिल्ह्यातील मागडीच्या तलावावर ते दर हिवाळ्यात मोठ्या संख्येने उतरतात. २०२४ साली या तलावाचा समावेश रामसर करारातील पाणथळ जागांच्या यादीत झाला. जोयडा तालुक्यातच उळवी येथे चन्नबसवेश्वरांची समाधी आहे. माघातल्या जत्रेसाठी धारवाड-बेळगावकडील शेतकरी बैलगाड्या जुंपून घाट चढतात, त्या दिवसांत हे पाहुणे अजून सपाटीवरच असतात.

आता दुधापाण्याची गोष्ट. मिसळलेल्या दुधापाण्यातून हंस दूध तेवढे पितो आणि पाणी मागे ठेवतो, ही समजूत आपल्या वाङ्मयात इतकी रुजली आहे की, ‘नीरक्षीरविवेक’ हा शब्द न्यायाधीशापासून ग्रंथपरीक्षकापर्यंत सर्वांच्या तोंडी असतो. अर्थात कोणताही पक्षी असे करू शकत नाही. लॅनमन या अमेरिकन संस्कृतज्ञाने १८९८ साली सुचविले की, येथे क्षीर म्हणजे गाईचे दूध नसून कमळाच्या देठातला पांढरा चीक असावा. पाण्यात बुडालेला देठ फोडून त्यातला रस घेणारा पक्षी पाहूनच ही कल्पना सुचली असावी. उपपत्ती मोठी सुरेख आहे, यात शंका नाही. तथापि तिच्यावाचून काही अडत नाही. पक्ष्याच्या चोचीत तशी शक्ती नाही एवढे कळताच सारी कल्पना टाकून देणारे एकीकडे, आणि ती शक्ती आहेच म्हणून हट्ट धरणारे दुसरीकडे. दोघांचेही लक्ष चोचीवरच खिळलेले असते. काय वेगळे काढावयाचे होते, हे कोणी विचारीतच नाही.

ते भागवताच्या अकराव्या स्कंधातील तेराव्या अध्यायात सांगितले आहे. सनकादिकांनी आपला पिता ब्रह्मदेव याला एक बिकट प्रश्न केला. चित्त विषयांत शिरते आणि विषय चित्तात शिरतात. ही दोन्ही एकमेकांत अशी मुरल्यावर मुक्तीची इच्छा करणाऱ्याने ती वेगळी कशी करावी? सृष्टीच्या व्यापात गढलेल्या ब्रह्मदेवाला उत्तर सुचेना. ध्यानात घ्या, या ब्रह्मदेवाचे वाहनच हंस! वाहन दाराशी असून स्वारास विवेक सापडू नये, ही विसंगती पुराणकाराच्या ध्यानात आली नसेल, असे मला वाटत नाही. ब्रह्मदेवाने विष्णूचे चिंतन केले, तेव्हा विष्णू हंसरूपाने प्रकट झाले. वेगळे काढण्याचा प्रश्न होता, म्हणूनच ते हंस होऊन आले.

‘आपण कोण?’ असे विचारताच हंसाने त्या प्रश्नालाच हात घातला. आत्म्याविषयी विचारीत असाल, तर तो एकच आहे, मग ‘आपण’ कोणाला म्हणता? देहाविषयी विचारीत असाल, तर पंचभूते सर्वांची सारखीच. मूळ प्रश्नाचे उत्तर याहूनही अनपेक्षित आहे. चित्तातून विषय वेचून काढीत बसू नका. चित्त आणि विषय ही दोन्ही जीवाची उपाधी होत. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांचा जो साक्षी, त्याच्या ठायी स्थिर व्हा, म्हणजे दोन्ही आपोआप गळून पडतील. दूध ठेवून पाणी टाकण्याचा लौकिक दृष्टान्त येथे पुष्कळ मागे राहिला. हा भाग मराठीत आणला एकनाथांनी. पैठणास आरंभिलेली त्यांची एकादश स्कंधावरील टीका १५७३ साली काशीत पुरी झाली आणि हंसाचा हा उपदेश संस्कृत न जाणणाऱ्यांच्या हाती आला.

योगमार्गात तर हंस श्वासातच येऊन बसला. श्वास बाहेर पडताना ‘ह’ आणि आत येताना ‘स’ असा ध्वनी होतो, म्हणून प्रत्येक जीव न जपताच ‘हंस’ हा मंत्र जपत असतो. हाच तो अजपाजप. क्रम उलटला की तोच ‘सोऽहं’ होतो, म्हणजे ‘तो मी आहे’. दिवसरात्रीत हा जप २१,६०० वेळा होतो, असे ग्रंथ सांगतात. हिशेब केला तर मिनिटाला पंधरा श्वास पडतात. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे श्वास आजचे वैद्यकही बारा ते वीस धरते. प्राण गेला असता ‘हंस उडाला’ का म्हणतात, ते येथे कळून येते.

संन्याशांच्याही कुटीचक, बहूदक, हंस आणि परमहंस अशा चढत्या पायऱ्या मानल्या आहेत, आणि कोकण-कानडा प्रांतातील मठाधिपतींच्या बिरुदावलीत ‘परमहंस परिव्राजकाचार्य’ ही पदवी आजही उच्चारली जाते. मध्वसंप्रदायाने हे नाते आणखी मागे नेले. जोयड्याच्या डोंगरांपलीकडे, गोव्यातील काणकोण तालुक्यात, कुशावती नदीच्या तीरी सारस्वतांचा गोकर्ण-पर्तगाळी मठ आहे. या मठपरंपरेला २०२५ साली साडेपाचशे वर्षे पूर्ण झाली. हा मठ मध्वमताचा. आणि त्या संप्रदायाच्या गुरुमालिकेत मध्वाचार्यांच्या मागे जात जात दुर्वास, सनकादिक आणि ब्रह्मदेव यांच्याही आधी, सर्वांच्या शिरोभागी जे नाव येते, ते हंसरूपी परमात्म्याचे होय.