नवोदित कलावंत आणि त्याचे पहिले गिऱ्हाईक

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर हे नाव उच्चारले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम तेथील बाजार उभा राहतो. परदेशी धाडण्यासाठी शिवलेले, पण या ना त्या कारणाने मागे राहिलेले कपडे येथे ढिगांनी विकले जातात. विक्रेता उच्च स्वरात किंमत पुकारतो, गिऱ्हाईक कापड हातात घेऊन शिवण तपासते, थोडी घासाघीस होते आणि दोन-चार मिनिटांत व्यवहार पुरा होतो. या बाजाराच्या सभोवती केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत वसली होती. तिचे जुने नाव विनय नगर. स्वातंत्र्योत्तर काळात देशाच्या सर्व प्रांतांतून दिल्लीच्या नोकरीत आलेली माणसे तेथील क्वार्टरांतून राहिली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. २०१६ मध्ये पुनर्विकासाचा निर्णय झाल्यानंतर त्या जुन्या घरांची जागा उंच इमारती घेऊ लागल्या.

चित्रकार, शिल्पकार, लेखक वा छायाचित्रकार म्हणून स्वतंत्रपणे उभे राहू पाहणाऱ्या तरुणाची अवस्था या दोन जागांच्या मधोमध असते. एका बाजूला दरमहाचा पगार व सरकारी छप्पर, दुसऱ्या बाजूला उघडा बाजार. त्यातही कपडे विकणाऱ्याहून त्याची अडचण निराळी आहे. सदरा शिवून तयार असतो, तो उलटसुलट करून पाहता येतो. ज्या पुतळ्यासाठी शिल्पकार मोबदला मागतो, तो पुतळा मात्र अद्याप अस्तित्वातच नसतो. न घडलेल्या वस्तूसाठी अनोळखी माणसाच्या हाती पैसे ठेवावेत, असे गिऱ्हाइकाला का वाटावे? नव्या कलावंताच्या प्रसिद्धीचा सारा प्रश्न वस्तुतः या एका प्रश्नात सामावलेला आहे.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आपल्या मनातील एक अढी दूर करणे इष्ट ठरेल. मराठीत दिवंगत कलावंतांचा गौरव करताना 'प्रसिद्धिपराङ्मुख' हे विशेषण मोठ्या आदराने योजले जाते. ज्याचे नाव झाले आहे त्याला ते शोभते. परंतु ज्याचे नाव कोणाच्याही कानी गेलेले नाही, त्याने प्रसिद्धीकडे पाठ फिरविली तर तो केवळ अज्ञात राहतो, आणि त्याची ही वृत्ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. स्वतःची स्तुती करणे आणि स्वतःच्या कामाची वार्ता देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचा आपल्याला तिटकारा असावा हे योग्यच; मात्र त्या तिटकाऱ्यापायी दुसरीही टाकून देण्याचा प्रमाद आपल्याकडे फार वेळा घडतो.

वार्ता कशी द्यावी याचे उत्तम उदाहरण दादासाहेब फाळके यांच्या चरित्रात सापडते. १९१२ साली ते लंडनहून चित्रपटाचा कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा भारतात कथापट काढता येईल यावर विश्वास ठेवून भांडवल देणारा कोणी नव्हता. फाळक्यांनी त्यासाठी व्याख्याने दिली नाहीत. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोखला आणि दिवसामागून दिवस थोडी थोडी चित्रे घेऊन त्या रोपाची वाढ टिपली. महिन्याभराची ती वाढ पडद्यावर क्षणार्धात घडताना दिसे. हा इवलासा चित्रपट त्यांनी निवडक मंडळींना दाखविला आणि तो पाहिल्यावर यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्जाऊ रक्कम देण्याची तयारी दर्शविली. सरस्वतीबाईंचे दागिनेही या उद्योगात गहाण पडले, हे येथे विसरता कामा नये. दुसऱ्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला.

वाटाण्याच्या या रोपाने काय साधले ते बारकाईने पाहिले पाहिजे. त्यात ना राजा होता, ना राणी, ना कथा. तरीही कॅमेरा चालविणे, फिल्म धुणे, ती पडद्यावर दाखविणे, या साऱ्या क्रिया हा मनुष्य स्वतः करू शकतो, आणि महिनाभर रोज न चुकता करू शकतो, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले. भांडवलदाराला हवे होते ते नेमके हेच आश्वासन. नवोदिताचा नमुना असाच असावा: लहान, पण पूर्ण, आणि ज्या कामाची मागणी करावयाची त्याच कामातील अवघड भाग प्रत्यक्ष करून दाखविणारा. अर्धवट राहिलेले महाकाव्य नमुन्याच्या कामी येत नाही.

याच फाळक्यांनी पुकारा करण्याची कलाही जाणली होती. सुरतेस प्रेक्षक फिरकेनात, कारण तेवढ्याच पैशांत तेथे कित्येक तास चालणारे नाटक पाहावयास मिळे. तेव्हा सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात त्यांनी केली आणि गर्दी लोटली. येथे थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. त्या फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. म्हणजे ५७,००० चित्रांची लांबी सुमारे ३,५६० फूट, अर्थात पाऊण मैलाहूनही कमी भरते. छायाचित्रांचा आकडा हिशेबाला धरून होता, मैल मात्र बाजारातले होते. फाळक्यांना ते खपून गेले, कारण पडद्यावर खेळ खरोखरच उभा होता. आजच्या नवोदिताने मैलांच्या वाटेला न जाता छायाचित्रे मोजावीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नमुना प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी नेता येत नाही, हीही एक अडचण आहे. शिल्पकाराला ती विशेष जाणवते. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास, विशीच्या उंबरठ्यावर असताना, 'मंदिरपथगामिनी' हा प्लास्टरचा पुतळा घडविला. पुतळा मुंबईतच होता. पण त्याची छायाचित्रे इंग्लंडात सर जॉर्ज बर्डवुड यांच्या हाती पडली आणि त्यांनी त्याची मुक्तकंठाने प्रशंसा करणारे लेखन केले. मूर्ती एका जागी आणि कीर्ती समुद्रापार, असा हा प्रकार होता. आज छायाचित्र काढण्यास काही सायास लागत नाहीत, मोबाइल फोन प्रत्येकाच्या खिशात असतो. त्यामुळेच बहुधा ते निष्काळजीपणे काढले जाते. शिल्प किमान तीन बाजूंनी दिसावे, शेजारी माणूस उभा करून त्याची उंची स्पष्ट व्हावी, आणि खाली माध्यम, माप व वर्ष लिहिलेले असावे. कलावंताचे नाव व पत्ता त्याच कागदावर हवा. ही सूचना बालिश वाटेल; परंतु चित्र आवडले आणि चित्रकार सापडेना, असे प्रसंग कमी नाहीत.

आता पुन्हा दिल्लीकडे वळू. धुळे जिल्ह्यातील गोंदूर या गावी १९२५ साली जन्मलेले राम सुतार हे सुतारकाम करणाऱ्या कुटुंबातले. धुळ्याचे श्रीराम कृष्ण जोशी यांनी त्यांची बोटे ओळखून त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेकडे धाडले. तेथे १९५३ मध्ये मेयो पदक मिळवून ते बाहेर पडले. १९५४ ते १९५८ या काळात औरंगाबादेस पुरातत्त्व खात्यात राहून त्यांनी अजिंठा-वेरूळच्या भग्न शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले. त्यानंतर दिल्लीस केंद्र सरकारच्या जाहिरात व दृश्य प्रसिद्धी संचालनालयात नोकरी धरली आणि १९५९ मध्ये ती सोडून दिली.

या सोडण्याचे मोल समजण्यासाठी सरकारी नोकरीचे नियम थोडे ठाऊक असावे लागतात. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६४ साली जे वर्तणूक नियम झाले, त्यांतील पंधराव्या नियमाने खाजगी धंदा किंवा दुसरी नोकरी करण्यास परवानगीवाचून मज्जाव केला. १९५९ मध्येही असेच निर्बंध लागू होते. मात्र याच नियमात साहित्यिक, कलाविषयक वा शास्त्रीय स्वरूपाचे प्रासंगिक काम करण्याची मुभा आहे, एवढेच की नोकरीच्या कर्तव्यात त्यामुळे व्यत्यय येऊ नये. 'प्रासंगिक' या शब्दावर सारी भिस्त आहे. रविवारी चित्र काढावे, प्रदर्शनात मांडावे, एखादे पुस्तक लिहावे. येथवर क्वार्टरातला कलावंत सुखरूप असतो. काम वाढले, गिऱ्हाइके दाराशी येऊ लागली, म्हणजे तो प्रासंगिकाची रेषा ओलांडतो. मग परवानगी तरी मागावी लागते किंवा राजीनामा तरी द्यावा लागतो. राजीनामा दिल्यावर सरकारी घर सोडण्यास सामान्यतः एका महिन्याची मुदत मिळते. यास्तव 'नोकरी सोडून कलेला वाहून घेतले' हे चरित्रांतील वाक्य कितीही तेजस्वी वाटले, तरी घर चालविणाऱ्या व्यक्तीच्या कानी ते कसे पडत असेल याची कल्पना करावी.

सुतारांनी हा धोका पत्करला तो रिकाम्या हातांनी मात्र नव्हे. पदक, प्राचीन शिल्पांवर चाललेली चार वर्षांची छिन्नी आणि दिल्लीतील खात्याचा अनुभव ही त्यांची शिदोरी होती. राजीनाम्यानंतर लवकरच त्यांचे पहिले भव्य काम उभे राहिले: मध्य प्रदेशातील गांधीसागर धरणावरील ४५ फुटी चंबळ माता. काँक्रीटच्या एकसंध ठोकळ्यातून कोरलेली ही मूर्ती दोन बालकांसह उभी आहे. ती बालके म्हणजे मध्य प्रदेश व राजस्थान ही दोन राज्ये. हे काम पाहून पंडित नेहरूंचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. एका गिऱ्हाइकासाठी केलेले काम दुसऱ्यासाठी नमुना ठरते, ते असे.

तथापि चंबळ मातेपेक्षा आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधक आहे तो त्यांनी घडविलेला गांधीजींचा अर्धपुतळा. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दी साजरी झाली. त्या निमित्ताने या अर्धपुतळ्याच्या प्रती भारत सरकारने अनेक देशांना भेट दिल्या. ४५ फुटांची मूर्ती पाहण्यासाठी धरणावर जावे लागते, अर्धपुतळा मात्र पेटीत बसून जगभर जातो. मूळ एक आणि प्रती अनेक, ही युक्ती जुनी आहे. जर्मनीतील अल्ब्रेख्त ड्यूरर याने सोळाव्या शतकाच्या प्रारंभी तेच केले होते. त्याची रंगचित्रे मोजक्या धनिकांच्या भिंतींवर गेली. पण लाकडावर व तांब्यावर कोरलेल्या चित्रांचे छाप त्याची पत्नी ॲग्नेस जत्रेत नेऊन विकत असे, आणि प्रत्येक छापावर त्याच्या नावाची दोन अक्षरे असत. आपल्याकडे दीनानाथ दलालांची सही याच रीतीने मासिकांच्या मुखपृष्ठांवरून घरोघर पोहोचली.

कलावंत सापडावा कोठे, याचा विचार बेळगावात जन्मलेल्या कृष्ण शामराव कुलकर्णी यांनी चांगला केलेला दिसतो. जे. जे. मध्ये शिकलेले हे चित्रकार १९४० नंतरच्या दशकात दिल्लीस आले. १९४९ मध्ये भावेश सान्याल, धनराज भगत प्रभृतींच्या सोबत त्यांनी 'दिल्ली शिल्पी चक्र' स्थापन केले. एकट्याचे प्रदर्शन पाहावयास कोण येणार? दहा जणांचे असले तर प्रत्येकाचे चार परिचित येतात आणि ते उरलेल्या नऊ जणांचेही काम पाहतात. १९५० मध्ये सुंदरी श्रीधराणी यांनी 'त्रिवेणी कला संगम' सुरू केले, ते कॅनॉट प्लेसमधील एका कॉफी हाउसच्या वरच्या एका खोलीत. शिक्षक कुलकर्णी आणि विद्यार्थी दोन. तानसेन मार्गावरील आजची प्रशस्त वास्तू १९६३ ची. त्या दोन विद्यार्थ्यांच्या काळातही एक गोष्ट निश्चित होती, ती म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी गेले असता कुलकर्णी भेटतील.

येथे स्वतःचा एक अनुभव सांगण्याची अनुज्ञा घेतो. अनुवादाच्या व्यवसायात पाऊल टाकताना प्रस्तुत लेखकाने एका प्रकाशनसंस्थेकडे तीनशे पृष्ठांचा संपूर्ण अनुवाद पाठविला. सोबत आपल्या एम. ए. पदवीचा व मराठीवरील प्रेमाचा दोन पानी वृत्तान्त जोडला. उत्तर आले नाही. वर्षभराने दुसरीकडे केवळ आठ पृष्ठे, मुळातील सर्वांत किचकट प्रकरणातली, मूळ मजकुरासह पाठविली आणि पुढील चाळीस पृष्ठांना किती दिवस लागतील ते एका ओळीत लिहिले. त्यावर काम मिळाले. पहिली तीनशे पृष्ठे वाईट होती असे नाही. ती वाचण्यास सवड कोणालाच नव्हती.

मोबदल्याविषयी बोलण्यास नवोदित सर्वाधिक संकोचतो, आणि तेथेच त्याची फसगत होते. पुतळ्याचे उदाहरण घ्या. प्रथम लहान प्रतिकृती, मग पूर्ण मापाची मातीची मूर्ती, मग प्लास्टरचा साचा आणि अखेरीस ब्राँझचे ओतकाम. प्रत्येक टप्प्यावर साहित्य, मजुरी व जागेचे भाडे आधी द्यावे लागते. म्हणून मोबदलाही टप्प्याटप्प्याने ठरवावा, आणि प्रतिकृतीचा मोबदला पुढील कामाच्या मंजुरीवर अवलंबून ठेवू नये. नाव नाही म्हणून पहिले काम फुकट करावे, असा सल्ला पुष्कळ वडीलधारी मंडळी देतात. एखादे काम स्वतःच्या मर्जीने, नमुन्यासाठी फुकट करावे. गिऱ्हाइकाने नमुना पाहून काम सांगितले, म्हणजे तेथून पुढे दर सांगावा.

मोठ्या माणसाची इच्छा आणि मंजूर झालेला पैसा यांत अंतर असते, हे सुतारांनाही अनुभवावे लागले. चंबळ माता पाहिल्यानंतर नेहरूंनी भाक्रा धरणाच्या कामगारांच्या गौरवार्थ ५० फुटी ब्राँझ स्मारकाची कल्पना त्यांच्यापुढे मांडली. देशाचा पंतप्रधान गिऱ्हाईक असताना शंका कोणाला येणार? पण निधीची तरतूद होऊ शकली नाही आणि ते स्मारक प्रत्यक्षात आले नाही. सुतार काम करीत राहिले. संसद भवनाच्या आवारातील त्यांचा बैठा गांधीपुतळा १९९३ मध्ये उभा राहिला. १९९० पासून त्यांचा स्टुडिओ दिल्लीच्या सीमेलगत नोएडा येथे होता, आणि गुजरातेत २०१८ मध्ये अनावरण झालेल्या सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे शिल्पकारही तेच. त्या पुतळ्याच्याही आधी लहान प्रतिकृतीच घडविल्या गेल्या होत्या.