पाच पेल्यांचे पान

टॅरोची पाने भविष्य सांगतात यावर माझा विश्वास नाही. तरी त्यातले 'फाइव्ह ऑफ कप्स' दुःख समजून घ्यायला जरूर पाहावे. पामेला कोलमन स्मिथ यांनी १९०९ साली काढलेल्या चित्रात काळा झगा पांघरलेला एक माणूस मान खाली घालून उभा आहे. समोर तीन पेले लवंडलेले, पाठीमागे दोन शाबूत. पलीकडे नदी, पूल आणि गढी.

बँकेत आयुष्य गेल्याने मला आधी शिल्लकच दिसली. पण सुतकाच्या घरी जाऊन "दोन आहेत ना अजून?" असे कुणी म्हणू नये. बारा दिवस आपण नुसते जवळ बसतो, जेवण पोचवतो, ते योग्यच आहे. मागे वळायचे ते ज्याने त्याने, आपल्या वेळेने.

नदी पाहून आपला गाव आठवतो. श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ पूर्वी पलीकडे दिवाडीवर होते. पोर्तुगीजांनी ते पाडले, देव अलीकडे नार्व्यात आले आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवालयाचा जीर्णोद्धार केला. तरी मूळ जागा कुठली, हे आपण मुलांना अजून सांगतोच. नवे मिळाले म्हणून जुने पुसावे लागत नाही.

मात्र सहा महिने उलटूनही शोकाची तीव्रता तशीच राहून रोजचे व्यवहार ठप्प असतील, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानते. अशा वेळी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जावे किंवा १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोलावे.